डॉक्टरकाकांच्या घोरपडी

डॉक्टरकाका कुठल्याही जिवाला थंड हात लावत नसत. पेशंट खुर्चीत मागे रेललेला, तोंड उघडलेलं, डोळे गच्च मिटलेले, आणि हे शेजारी उभे राहून दोन्ही तळवे एकमेकांवर घासताहेत, हे दृश्य मी त्यांच्या दवाखान्यात कितीदा तरी पाहिलं. मे महिन्यातसुद्धा. "माणूस आधीच भ्यालेला असतो," ते म्हणायचे, "त्यात गार बोट लागलं की तो सगळा आत निघून जातो. मग मी दात कुणाचा काढू?"

ते दातांचे डॉक्टर. कलकत्त्यात एस्प्लनेडला, ट्रामच्या रस्त्यापासून जरा आत, एका जुन्या इमारतीच्या पहिल्या मजल्यावर त्यांचा दवाखाना होता. राहायला मात्र बेहालात, आणि आमच्या त्या गल्लीत त्यांना दातांचे डॉक्टर म्हणून कोणी ओळखत नसे. तिथे ते 'गोशाप-डाक्तार' होते. बंगालीत गोशाप म्हणजे घोरपड. घरामागच्या अंगणात त्यांनी दोन घोरपडी पाळल्या होत्या. रिक्षावाल्याला त्यांच्या घरी जायचंय म्हणून सांगितलं, की तो गल्लीच्या तोंडाशीच उतरवून द्यायचा.

मला हे कळलं ते सामान वर चढवून झाल्यावर. नुकतं लग्न होऊन मी सांगलीहून आले होते. ह्यांची केंद्र सरकारची बदलीची नोकरी. कलकत्त्यात मराठी माणसाच्या घरात वरचा मजला भाड्याने मिळतोय म्हटल्यावर ह्यांनी बाकी काही विचारलंच नाही. खाली डॉक्टरकाका एकटे. लग्न केलेलं नव्हतं. मी स्वयंपाकघराची खिडकी उघडून खाली पाहिलं, तर पेरूच्या झाडाखाली माझ्या हाताहून लांब असं काहीतरी ऊन खात पडलेलं. त्याने मान वळवली आणि दुभंगलेली जीभ बाहेर काढली. मी किंचाळले. खालून शांत आवाज आला, "ओरडू नको गं पोरी. ती बहिरी नाही."

शेजारच्या गृहस्थांचं आडनाव पाल, हे त्याच संध्याकाळी कळलं, आणि एवढी घाबरलेली असूनही मला हसू आवरेना. कारण पालबाबूंना सरपटणाऱ्या कुठल्याही प्राण्याचं नाव काढलेलं खपत नसे. कुंपणाची भिंत त्यांनी डॉक्टरकाकांमुळे दोनदा उंच करून घेतली होती. त्यांच्या बायकोला सगळे पालगिन्नी म्हणायचे. त्या गच्चीवरून माझ्याशी बोलायच्या, मला 'बौमा' म्हणायच्या, म्हणजे सूनबाई, आणि पालबाबूंची चाहूल लागली की वाळवणाकडे वळायच्या.

डॉक्टरकाकांचा जन्म कलकत्त्याचा, त्यांच्या वडिलांचाही. आईने घरात मराठी टिकवली होती, पण बंगालीत स्त्रीलिंग-पुल्लिंगाची भानगड नसते, त्यामुळे त्यांच्या मराठीतही ती फारशी उरली नव्हती. "ट्राम उशिरा आला," "दूध सांडली," "भाजी फार चांगला झालाय, सुधा." मी सुरुवातीला दुरुस्त करायची. एकदा त्यांनी हातातला घास थांबवून विचारलं, "खुर्ची बाई का? तिने काय केलं असं?" तेव्हापासून मी नाद सोडला.

घोरपडी त्यांनी हौसेने आणलेल्या नव्हत्या. एकदा हावड्याहून नावेने परत येताना धक्क्यावर एक माणूस टोपली घेऊन बसलेला त्यांना दिसला. टोपलीत जिवंत घोरपडी. पाय पाठीवर वळवून तारेने बांधलेले आणि तोंडं सुतळीने शिवलेली. त्या काळी घोरपडीच्या कातड्याच्या पर्सना आणि चपलांना मोठा बाजार होता, आणि कातडं ताजं मिळावं म्हणून जनावर जिवंतच न्यायचे. "बाकीचं सगळं बघून मी पुढे गेलोही असतो," ते म्हणायचे, "पण तोंड शिवलेलं बघवलं नाही. तोंड हा माझा विषय." त्यातल्या दोन घेऊन ते थेट दवाखान्यात आले. बाकावर पेशंट ताटकळलेले, आणि हे आत टाके काढायच्या कात्रीने घोरपडींची तोंडं मोकळी करताहेत. एक पेशंट जिन्यावरून पळत सुटला. एक बाई मात्र आत आली आणि काम संपेपर्यंत दिवा धरून उभी राहिली. तिचं नाव विचारायचं राहून गेलं, याची हळहळ त्यांना कायम होती.

मादीच्या जबड्याचा एक कोपरा सुतळीने कुजून गेला होता. तिला भक्ष्य धरता येत नसे. नराच्या पुढच्या पायांची बोटं तारेने तुटलेली. त्याला बीळ उकरता येत नसे. रानात सोडलं असतं तर पहिल्याच हिवाळ्यात दोघं गेली असती, म्हणून ती अंगणात राहिली. नावं दातांवरून ठेवलेली. तो सुळा आणि ती अक्कल, अक्कलदाढेतली. त्यामुळे सकाळी सकाळी "माझा अक्कल कुठे गेला?" असं मोठ्याने विचारत डॉक्टरकाका झाडाखाली फिरायचे, आणि मी वर पोळ्या लाटता लाटता पदर तोंडात कोंबायची.

पण दिवाळीतली कालीपूजा झाली की ही गंमत संपायची. त्यांचा चेहराच बदलायचा. कलकत्त्याची थंडी ती काय, असं मी पहिल्या वर्षी म्हणाले, तेव्हा ते माझ्याकडे बघत राहिले. "तुझ्या आत भट्टी पेटलेली आहे," ते म्हणाले. "वर स्वेटर घालतेस. त्यांची भट्टी म्हणजे ऊन. ऊन गेलं की विझली. रानात त्यांनी बीळ स्वतः निवडलं असतं. इथे मी निवडलंय. मी चुकलो तर ते मरतील, मी नाही."

ते बीळ मी अजून डोळ्यांसमोर आणू शकते. अंगणाच्या कोपऱ्यात विटा आणि माती रचून केलेला उंचवटा, खांद्यापर्यंत हात जाईल इतका खोल. तोंड असं, की सकाळचं ऊन आत शिरावं आणि उत्तरेचा वारा शिरू नये. तळाशी विटा, विटांवर कोरडी वाळू, वाळूवर भाताचा पेंढा आणि वाळलेली पानं. वर कौलं, पत्रा आणि त्यावर तागाच्या पोत्यांचे थर. थंडीपेक्षा त्यांना ओलीची भीती जास्त वाटायची. पोतं जरा दमट लागलं की ते बदलायचे. घोरपडींचं खाणं कालीपूजेनंतर बंद. मी एकदा दया येऊन अंडं घेऊन खाली गेले, तर पहिल्यांदाच माझ्यावर आवाज चढला. "गार पोटात अन्न पचत नाही, सडतं! तुला माया करायचीय की मारायचंय?" घरात आणून शेगडीपाशी का ठेवत नाही, असं विचारलं तर म्हणाले, "शेगडी त्यांना खोटं सांगते, की उन्हाळा आलाय." बिळात एक लांब काचेचं थर्मामीटर दोरीला बांधून सोडलेलं असायचं, दोरीचं टोक बाहेर विटेखाली दाबलेलं. दवाखान्यातून आले की बूट न काढता आधी ती दोरी ओढायचे.

आमचा दुसरा हिवाळा वाईट होता. नुसत्या थंडीने नव्हे. त्या वर्षांत कलकत्त्यात राहिलेल्यांना सांगायला नको. भिंतींवर रोज नक्षलवाद्यांच्या नव्या घोषणा, संध्याकाळ झाली की दूर कुठेतरी बॉम्बचे आवाज, सकाळी दूधवाल्याकडून कळायचं की कुणाचा मुलगा घरी आलेला नाही. पोलिस गल्ल्या घेरून घरं तपासायचे. दिवेलागणीला लोक खिडक्या लावून घ्यायचे आणि कोळशाच्या शेगड्यांचा धूर धुक्यात मिसळून गल्लीतच बसून राहायचा. पालबाबू माकडटोपी घालून दाराच्या फटीतून रस्ता बघत उभे असायचे. कोण आलं, कोण गेलं, कुणाच्या हातात काय होतं. घाबरलेला माणूस असाच बघतो. मीही बघायचे.

त्यातच पौषात पाऊस आला. दोन दिवस झिमझिम, मग गारठा असा की पाण्यात हात घालवेना. हे धनबादला दौऱ्यावर गेलेले. डॉक्टरकाकांनी दवाखाना बंद ठेवला. बिळाच्या एका बाजूला पाणी झिरपत होतं. त्यांनी संध्याकाळच्या अंधुक उजेडात चर खणून पाणी वळवलं, पोत्यांत गुंडाळलेला कोरडा पेंढा आत सारला, थर्मामीटरची दोरी नीट लावली. चिखलाने माखलेले ते आत जायला वळले, तेव्हा भिंतीपलीकडची खिडकी हळूच बंद झाली. मी वरून पाहिलं. तेव्हा त्याचा अर्थ कळला नाही.

उजाडता उजाडता दारावर लाठ्या बसल्या. धुक्यात खाकी माणसं उभी. साहेब तरुण होता, डोळे न झोपल्याने लाल. त्यांनी घर पाहिलंच नाही. सरळ अंगणात गेले. मी शाल लपेटून जिन्याच्या शेवटच्या पायरीवर उभी राहिले.

"जमिनीत काय पुरलंय?" साहेबाने हिंदीत विचारलं.

"घोरपडी," डॉक्टरकाका म्हणाले. "दोन. झोपल्यात."

"आणि ही दोरी?"

"थर्मामीटरची."

साहेबाने दोरी ओढली. दोरीच्या टोकाला काचेची नळी आणि नळीत पारा बघून शिपाई मागे सरले.

"घोरपडीला ताप येतो?"

"ताप नाही. थंडी."

कोणी हसलं नाही. शिपायाने कुदळ उचलली. डॉक्टरकाका तिच्या आणि बिळाच्या मध्ये जाऊन उभे राहिले. "खणा," ते म्हणाले, "मी नाही म्हणत नाही. फक्त ऊन येईपर्यंत थांबा. आत्ता उघडलं तर मरतील."

"ऊन आल्यावर काय होणार? बॉम्ब वाळणार?"

"मग मी काढून दाखवतो. माझ्या हाताने. काही असलं तर पहिला मीच उडेन."

साहेबाने मान हलवली. डॉक्टरकाका त्या गार चिखलात पोटावर आडवे झाले, तळवे घासले आणि उजवा हात खांद्यापर्यंत आत घातला. कुठल्यातरी छपरावरून पाणी ठिबकत होतं, तेवढाच आवाज. त्यांचा गाल मातीला टेकलेला, डोळे मिटलेले. मग हात हळूहळू बाहेर यायला लागला, आणि हाताबरोबर अक्कल. लाकडासारखी ताठ, डोळे बंद. त्यांनी तिला पोत्यावर ठेवलं आणि पुन्हा हात आत घालणार, तेवढ्यात त्या शिपायाचा धीर सुटला. का, ते मला सांगता येणार नाही. कदाचित त्याला दुसरं काही हलल्यासारखं वाटलं असेल. त्याने कुदळ वरून घातली. कौलं फुटली, विटा आत कोसळल्या. डॉक्टरकाका ओरडले. तसा आवाज मी त्यांच्या तोंडून आधी ऐकला नव्हता आणि नंतरही नाही.

शिपायांनी सगळं उकरलं. पेंढा, पानं, पोती, आणि विटांखालून सुळा. त्याला शेपटीला धरून चिखलात टाकून दिलं. बॉम्ब नव्हता. पण पाऱ्याची नळी होती, दोरी होती, आणि संध्याकाळच्या अंधारात पोती पुरणारा माणूस होता. साहेबाला तेवढं पुरे होतं. डॉक्टरकाकांना दोघांनी दंडाला धरून गाडीकडे नेलं. ते मागे वळून माझ्याकडे बघत ओरडत होते, "सुधा! आधी कोरडं कर! शेगडीपाशी नाही न्यायचा! अंगापाशी धर, अंगापाशी! हळू! दिवस लागला तरी चालेल!"

साहेब थबकला. "ये कौन सी ज़बान है? क्या बोल रहा है?"

"मराठी," मी म्हणाले. "म्हणाले, ऊब द्या."

त्याने क्षणभर माझ्याकडे पाहिलं, मग तो गेला. गाडीचा आवाज धुक्यात विरला आणि अंगणात मी एकटी उरले. समोर ती दोघं पडलेली.

इतक्या महिन्यांत मी त्यांना बोटही लावलं नव्हतं. कपडे वाळत घालायला गेले तरी झाडापासून लांबून जायची. त्या दिवशी मी टॉवेल आणला, डोळे मिटले आणि अक्कलला उचललं. ती मला वाटली होती त्यापेक्षा जड होती, आणि गार, पाट्यासारखी गार. तिला वर नेऊन पुसलं, मग सुळ्याला. त्याच्या पाठीत मधेच काहीतरी मऊ लागलं. मी तिकडे बघितलं नाही. शेगडी धगधगत होती. तिच्याजवळ दोघांना ठेवून मोकळं व्हावं असं फार वाटलं. मी शेगडीकडे पाठ करून भिंतीशी बसले, अक्कलला फ्लॅनेलमध्ये गुंडाळून पोटाशी धरलं, वरून शाल ओढली, आणि तेव्हा मला रडू आलं.

दार ढकललेलंच होतं. पालगिन्नी आत आल्या तेव्हा त्यांच्या हातात रबराची गरम पाण्याची पिशवी होती. दारात उभ्या राहून त्यांनी सगळं पाहिलं. मग पिशवी स्वतःच्या मनगटाला लावून बघितली, त्यातलं थोडं पाणी ओतून टाकलं, गार पाणी घातलं, पुन्हा मनगटाला लावली. माझ्यासमोर बसल्या आणि म्हणाल्या, "दे बौमा, दुसरा मला दे."

त्यांनी सुळ्याला मांडीवर घेऊन पिशवी त्याच्या पोटाशी लावली. मग त्या खाली बघून म्हणाल्या, "आमचा माणूस वाईट नाही गं. त्याला भीती वाटली. आमच्या घरात तरुण मुलगा आहे. पोलिसांनी आमच्याकडे येण्याआधी दुसरीकडे जावं, असं त्याला वाटलं." माझ्या मांडीवर अक्कल होती, आणि मला तिच्या गळ्याकडे बघायचं होतं. डॉक्टरकाकांनी एकदा दाखवलं होतं. घोरपड गारठली की श्वास इतका सावकाश घेते की बघणारा कंटाळून तिला मेली म्हणतो. मी कंटाळणार नव्हते. पण एकटक बघून बघून सगळंच हलल्यासारखं वाटायला लागलं, भिंतसुद्धा.

दुपार झाली. ऊन आलं नाही. पालगिन्नी दोनदा उठून पिशवीतलं पाणी बदलून आल्या. एकदा पालबाबूंनी खालून हाक मारली. पालगिन्नी जागच्या हलल्या नाहीत. नंतर कधीतरी, माझा डोळा लागतो की काय असं वाटत असताना, पोटाशी काहीतरी फुगलं. अगदी थोडं. मी श्वास रोखला. पुष्कळ वेळाने पुन्हा. "गिन्नी," मी म्हणाले, "बघा, बघा!" अक्कलची पापणी खालून वर अर्धी सरकली आणि तो काळा डोळा माझ्याकडे बघायला लागला. मला भीती वाटली नाही.

पालगिन्नींच्या मांडीवर सुळा तसाच होता. "हाही गरम झालाय," त्या आशेने म्हणाल्या. मी हात लावला. गरम होता खरा. पण ती ऊब पालगिन्नींची होती. तरी त्यांनी त्याला दिवे लागेपर्यंत खाली ठेवलं नाही.

डॉक्टरकाका दुसऱ्या दिवशी दुपारी सायकलरिक्षातून परतले. एकटेच. कोटाला चिखल वाळलेला, उजव्या हाताच्या दोन बोटांना रुमाल बांधलेला, आणि रुमालाबाहेर बोटं काळीनिळी. "दारात सापडली," ते म्हणाले. कुठल्या दारात, हे मी विचारलं नाही. मी अक्कलला टोपलीतून आणलं. त्यांनी डावा हात पुढे केला, मग मागे घेतला. "तूच सांग, श्वास कसा आहे. माझा हात गार आहे."

मग त्यांनी सुळ्याचं विचारलं. मी सांगितलं.

"किती वेळ धरला होता?"

"दिवे लागेपर्यंत. पालगिन्नींनी."

ते पायरीवर बसले. मग म्हणाले, "मग तो थंडीत नाही गेला." सुळ्याला त्यांनी पेरूखाली पुरलं. दुसऱ्या दिवशी नवं बीळ रचायला घेतलं, एका हाताने. वीट उचलायची, ठेवायची, मातीने लिंपायची. भिंतीपलीकडे पालबाबू उभे होते. काही वेळाने भिंतीवरून पेंढ्याचा एक भारा अलीकडे आला, मग दुसरा. डॉक्टरकाकांनी मान वर केली नाही. पण ते दोन्ही भारे त्यांनी बिळात वापरले.

बोटं वाकडी जुळली. चिमटा धरला की हात थरथरायचा. दवाखान्याला कुलूप लागलं. त्या महिन्यांत त्यांच्याशी काय बोलावं ते कळायचं नाही. ट्रामच्या वेळेला ते सवयीने कपडे करून तयार व्हायचे आणि मग अंगणात जाऊन बसायचे. फाल्गुनात ऊन तापलं, अक्कल बाहेर आली, तिला भूक लागली. मोडक्या जबड्यामुळे तिला प्रत्येक घास आत द्यावा लागे, दात काढायच्या लांब चिमट्याने, नेमक्या कोनातून, जिभेला धक्का न लावता. आता ते काम डाव्या हाताला करावं लागलं. आधी मासळीचे तुकडे मातीत पडायचे, चिमटा तिच्या ओठावर आपटायचा, ती शेपटीचा फटका मारायची. डॉक्टरकाकांच्या पोटऱ्यांवर वळ उठलेले मी पाहिले. रोज सकाळी तेच. हळूहळू तुकडे पडायचे थांबले. उन्हाळा संपेपर्यंत ते तिला कच्च्या अंड्याचा बलक न सांडता भरवायला लागले. "माझा नवा कॉलेज," ते म्हणाले. "मास्तर फार कडक."

भाद्रपदात माझी खालची दाढ ठणकायला लागली. दोन दिवसांत गाल टरारून सुजला, ताप चढला, तोंड उघडेना. तिसऱ्या दिवशी शहर बंद. ट्राम नाही, बस नाही, रस्त्यावर टायर पेटलेले. ह्यांनी कुठे कुठे जाऊन पाहिलं आणि रिकाम्या हाताने परतले. "काका," हे म्हणाले, "तुम्हीच बघा आता."

"मी? मी नाही," डॉक्टरकाका दारातूनच म्हणाले. "उद्या गाड्या सुरू होतील. धर्मतल्यात चांगले लोक आहेत."

"उद्यापर्यंत गळ्यात उतरेल," मी कशीबशी म्हणाले. त्यांनीच मला कधीतरी सांगितलं होतं की दाढेची सूज गळ्यात उतरली तर माणूस गुदमरतो. ते जवळ आले. सुजेवरून नजर फिरवली. मग आत जाऊन स्टोव्ह पेटवला आणि हत्यारं उकळायला ठेवली.

मला खिडकीपाशी, उजेडात बसवलं. ह्यांना माझं डोकं धरायला सांगितलं. सुई दिल्यावर थांबले, तळवे घासले. वाकडी बोटं नीट मिटत नव्हती. माझी भीती त्यांना दिसली असणार. मला त्यांची दिसत होती. कपाळावर घाम होता. "उजवा हात असता तर मी तुझ्याशी गप्पा मारल्या असत्या," ते म्हणाले. "आता मारणार नाही. रागावू नको." चिमटा आत गेला. दाढ हलली नाही. त्यांनी सोडलं, श्वास घेतला, कोन बदलला. मी ह्यांचा हात घट्ट धरला. मग आत काहीतरी करकरलं, आणि डॉक्टरकाका एकदम सैल होऊन खुर्चीवर बसले. चिमट्यात दाढ होती. ती उजेडात फिरवून त्यांनी एकेक मूळ तपासलं.

"पूर्ण आलाय," ते म्हणाले. "सगळा आलाय, सुधा." आणि त्यांचा चेहरा हसताना असा झाला की मला बघवेना.

दुर्गापूजेनंतर त्यांनी दवाखान्याचं कुलूप काढलं. पुढच्या वर्षी आमची बदली नागपूरला झाली. निघायच्या दिवशी ते स्टेशनवर आले नाहीत. गारठा एकाएकी वाढला होता आणि त्यांना पोती बदलायची होती. दारात टॅक्सी उभी असताना मी त्यांना नमस्कार करायला गेले. ते गुडघ्यांवर बसले होते, केसांत पेंढा अडकलेला. "जा," म्हणाले. "ऊन असेपर्यंत हावड्याला पोचा."

बऱ्याच वर्षांनी हिवाळ्यात कलकत्त्याला जाणं झालं. ह्यांना काम होतं. मी बेहालाला गेले. गल्लीत शिरतानाच कळलं की डॉक्टरकाका त्याच वर्षी पावसाळ्यात गेले. घराला कुलूप होतं. मी परत फिरणार, तेवढ्यात घरामागून काहीतरी खरखरल्याचा आवाज आला. बोळातून अंगणात गेले. पाठमोरा एक म्हातारा माणूस माकडटोपी घालून जमिनीवर बसला होता आणि विटांच्या उंचवट्यावर पोतं अंथरत होता. पालबाबू. उंच भिंतीत आता जायला-यायला एक वाट पाडलेली होती.

त्यांनी मला ओळखलं नाही. नाव सांगितल्यावर ओळखलं, आणि तोंडावर बोट ठेवलं. "हळू. झोपलीय ती."

"अजून आहे?"

"आहे. कालीपूजेपर्यंत रोज भरवत होतो. मला तो चिमटा धरायला डाक्तारबाबूंनीच शिकवलं." मग त्यांनी पोत्याची कड सारखी केली. "काल रात्री फार गारठा होता. मला नीट कळत नाही, आत पुरेशी ऊब आहे की नाही. तुम्ही तिला धरलं होतं ना? जरा बघता?"

मी हातातली पिशवी खाली ठेवली. तळवे घासून घेतले, जमिनीवर वाकले आणि पेंढा बाजूला सारत हात आत घातला, खांद्यापर्यंत. बोटांना खरखरीत पाठ लागली. पालबाबू माझ्या चेहऱ्याकडे बघत होते. मी तशीच थांबून राहिले. पुष्कळ वेळाने ती पाठ माझ्या हाताखाली हळूच वर आली आणि खाली गेली.